रवांडातलं बिसेसेरो स्मारक : वडिलांना आणि मुलीला घेऊन जावं का?

मंजिरी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ नोकरीनिमित्त किगालीत असतो. येत्या जुलैत आई, बाबा, मी आणि माझी नववीतली लेक असे चौघं त्याच्याकडे जाणार आहोत. रवांडा म्हटलं की सगळे गोरिलांबद्दल विचारतात. बाबांनी मात्र तिकिटं निघायच्या आधीच सांगून टाकलं, "गोरिला तुम्ही बघा. मला बिसेसेरोला न्या."

बाबा पेठेतल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. १९९४ सालची कात्रणं त्यांनी अजून फायलीत लावून ठेवली आहेत. त्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या निवडणुकीला पानंच्या पानं मिळत होती आणि रवांडाला एखादा रकाना, तोही 'टोळीयुद्ध' या मथळ्याखाली. शंभरेक दिवसांत आठ लाखांहून जास्त माणसं मारली गेली, बहुतेक सगळी अल्पसंख्य तुत्सी समाजाची, मारणारे बहुसंख्य हुतूंमधले कट्टर लोक, आणि आपण ते टोळीयुद्ध म्हणून वाचून पान उलटलं, ही गोष्ट त्यांना आजही स्वस्थ बसू देत नाही. किगालीतलं मोठं स्मारक तर बघायचंच आहे. पण त्यांना ओढ आहे ती डोंगरावरच्या बिसेसेरोची, कारण तिथल्या लोकांनी प्रतिकार केला.

आता माझ्या शंका. बाबांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. पर्वती ते सावकाश चढतात, पण उतरताना त्रास होतो. स्मारक टेकडीवर आहे, वाट चढाची आहे एवढंच ठाऊक आहे. त्यांना झेपेल का? लेकीला न्यावं का? तिथं अस्थी ठेवलेल्या आहेत म्हणे. आईचं म्हणणं, "परक्या देशात जाऊन कुणाच्या स्मशानात पोरीला कशाला उभी करतेस?" तिचंही मला खोटं वाटत नाही. आणि शेवटचं, तिथं गेल्यावर वागायचं कसं? फुलं न्यायची का, कपडे कसे असावेत, काय बोलावं, काय टाळावं? आपल्या हातून कुणाला दुखावणारं काही होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

कुणी प्रत्यक्ष जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

डोंगरवाट

मी किगालीतलं गिसोझीचं स्मारक पाहिलंय, बिसेसेरोला जाणं झालं नाही. त्यामुळे प्रवासापुरतं लिहितो. मुंबईहून अदिस किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर येलो फीव्हरची लस आणि तिचं पिवळं कार्ड लागेलच. परत येताना कार्ड नसेल तर भारतात विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवू शकतात, सहा दिवसांपर्यंत. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका, तिकडे २००८ पासून बंदी आहे. कापडी पिशव्या घ्या.

किवूकाठ

मंजिरीताई, मी बिबवेवाडीचा. किवू सरोवराच्या तळाशी मिथेन वायू साठलेला आहे. तो वर काढून वीज करणारा एक प्रकल्प कारोंगीला आहे. कारोंगी म्हणजे जुनं किबुये. त्या कामावर मी इलेक्ट्रिकलचा माणूस म्हणून बराच काळ होतो. बिसेसेरो तिथून तीसेक किलोमीटरवर. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन आणि एकटाही मी तिथं गेलो आहे. जरा लांबण लागेल, पण लिहितो.

आधी रस्ता. किगालीहून कारोंगीला बसनं किंवा गाडीनं तीनेक तास. डांबरी रस्ता, पण सारखी वळणं. आईंना गाडी लागत असेल तर गोळी देऊन ठेवा. कारोंगीत मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिसेसेरोला निघा. किगालीहून एका दिवसात जाऊन येतो म्हणणारे गाडीवाले भेटतील, ते अजिबात ऐकू नका. सरोवराकाठचा डांबरी रस्ता सोडला की आत लाल मातीचा कच्चा रस्ता आहे. मार्च ते मेच्या पावसात तिथं चिखल होतो आणि चाकं जागच्या जागी फिरतात. जुलै कोरडा असतो, म्हणजे चिखलाऐवजी धूळ. गाडी उंच लागेल. साधी सेडान घेऊन जाऊ नका.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जाऊ नका. त्या दिवशी सकाळी देशभर 'उमुगांडा' असतं. सगळे नागरिक सार्वजनिक कामाला उतरतात, आणि अकरापर्यंत रस्त्यावर वाहनं जवळजवळ नसतात.

आता चढ. टेकडीच्या पायथ्याशी कमान आहे. ती ओलांडली की एका जागी दगडांच्या मधोमध नऊ भाले रोवलेले दिसतात. तिथून फरसबंद वाट नागमोडी वर जाते, आणि वाटेत छोट्या छोट्या नऊ इमारती लागतात. तेव्हाच्या किबुये प्रांतात नऊ तालुके होते, प्रत्येकासाठी एक. माथ्यावर सामूहिक कबरी. बाबा पर्वती चढत असतील तर हेही चढतील, घाई मात्र करायची नाही. उतारासाठी काठी हवीच. दर वळणावर थांबता येतं, आणि थांबायचंच असतं, कारण वाटाड्या तिथंच सांगत असतो. तिथली वाट अशी आहे की चढताना माणसाला दम लागतोच. त्या दमात ऐकलेली गोष्ट मनात वेगळी बसते.

लेकीला आणि आईंना सांगता यावी म्हणून ती गोष्टही थोडक्यात लिहितो. बाबांना बरीचशी ठाऊक असणारच.

बिसेसेरोच्या डोंगरांत राहणाऱ्या तुत्सींना अबासेसेरो म्हणतात. गुरं राखणारी माणसं. १९५९ पासून तुत्सींवर जेव्हा जेव्हा हल्ले झाले, तेव्हा हे लोक डोंगरावर एकत्र जमून परतवून लावायचे. त्यांचा तो लौकिक होता. म्हणून एप्रिल १९९४ मध्ये कत्तल सुरू झाल्यावर आजूबाजूच्या गावांतून जिवंत सुटलेले लोक याच डोंगरांकडे धावले. किबुयेच्या चर्चमध्ये १७ एप्रिलला आणि गात्वारो स्टेडियममध्ये १८ एप्रिलला हजारो मारले गेले. मुगोनेरोला चर्च आणि इस्पितळाच्या आवारात १६ तारखेला. त्यातून वाचलेलेही रात्री चालत वर आले.

वर आलेल्यांकडे होतं काय? काठ्या, थोडे भाले, आणि दगड. बायका आणि मुलं दगड गोळा करून ढीग लावायची, पुरुष ते फेकायचे. अमिनादाबू बिरारा नावाचे वयस्क गृहस्थ त्यांचे म्होरके. त्यांनी शिकवलेली युक्ती अशी : हल्लेखोर चढून येईपर्यंत जमिनीला चिकटून पडून राहायचं, अगदी जवळ आले की उठून सरळ त्यांच्या गर्दीत घुसायचं. म्हणजे त्यांना बंदूक चालवता येत नाही, बॉम्ब फेकता येत नाही, त्यांचीच माणसं मरतील. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मुकाट्यानं खाली बसलो होतो. नि:शस्त्र माणसानं बंदुकीच्या दिशेनं पळायचं, रोज, आठवडेच्या आठवडे.

मे महिन्याच्या सुरुवातीला हल्ले थंडावले. ती तयारी होती. १३ आणि १४ मेला बाहेरच्या भागांतून बसगाड्या आणि ट्रक भरून सैनिक आणि मारेकरी आणले गेले आणि बिसेसेरोतल्या मुयिरा टेकडीवर चाल केली. माणसं वाहून आणायला गिसोवूच्या चहा कारखान्याच्या गाड्या वापरल्या गेल्या. त्या कारखान्याचे संचालक आल्फ्रेड मुसेमा यांना संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणानं २००० मध्ये जन्मठेप दिली. प्रांताचा प्रमुख क्लेमां कायिशेमा हा पेशानं डॉक्टर, त्यालाही १९९९ मध्ये जन्मठेप. डॉक्टर आणि कारखान्याचा संचालक. हे बाबांना मुद्दाम सांगा, टोळीयुद्ध म्हणून छापलेल्या त्या कात्रणाला हेच उत्तर आहे. यादी, इंधन, वाहनं, हुकूम असं सगळं कचेरीतून चाललं होतं.

आणि मग जूनचे ते तीन दिवस. संयुक्त राष्ट्रांच्या परवानगीनं फ्रेंच सैन्य तेव्हा रवांडात उतरलं होतं. २७ जूनला त्यांची एक छोटी तुकडी बिसेसेरोला आली. लपलेली माणसं त्यांना बघून झुडपांतून, खड्ड्यांतून बाहेर आली, जखमा दाखवल्या, मेलेली माणसं दाखवली. सैनिकांनी सांगितलं, आत्ता आमच्याकडे बळ नाही, तीन दिवसांनी येतो, तोवर लपून राहा. आणि निघून गेले. कोण कुठं लपलंय ते तोवर मारेकऱ्यांना कळलं होतं. ३० जूनला फ्रेंच परत आले, तोपर्यंत शेकडो माणसं कापली गेली होती. बिसेसेरोच्या डोंगरांत मेलेल्यांचा आकडा तिथं पन्नास हजारांच्या वर सांगतात. वाचले ते हजाराच्या आसपास. फ्रान्सच्या अध्यक्षांनी नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगानं २०२१ मध्ये फ्रान्सवर या वंशसंहाराची जड जबाबदारी आहे असं लिहिलं, सहभागाचा पुरावा मात्र नाही असंही म्हटलं. वाटाड्या हे सांगताना आवाज चढवत नाही. समोरच्या डोंगररांगेकडे बोट करून तो एवढंच सांगतो की तुकडी त्या रस्त्यानं आली, आणि त्याच रस्त्यानं गेली.

इमारतींत कवट्या आणि हाडं मांडून ठेवली आहेत. आत फोटो काढायचे नाहीत. मोबाइल गाडीतच ठेवून जा, हातात असला की हात चाळवतो. पण माझं ठाम मत सांगतो : अस्थी बघण्यासाठी बिसेसेरोला जायचं नसतं. त्या रवांडात अनेक ठिकाणी आहेत. बिसेसेरोला जायचं ते तो चढ, ते दगड आणि समोरचे डोंगर बघायला. कोण कुठून आलं, कुठं पळालं, कुठं अडवलं, हे त्या जमिनीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पुस्तकात मेलेल्यांचा आकडा मिळतो. ते अडीच महिने लढले कसे, हे टेकडीवर कळतं.

सुलभा_सहकारनगर

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. लेकीबद्दल लिहिते.

नववीतल्या मुलीला नेऊ नये असं मी सरसकट म्हणणार नाही, पण तिला विचारल्याशिवाय नेऊ नका. आणि विचारताना खरं सांगा : तिथं माणसांच्या कवट्या आहेत, लहान मुलांच्याही आहेत. "स्मारक आहे, बघून येऊ" असं गुळमुळीत नको. ती येते म्हणाली तर वाटेवर चढेल, आणि त्या खोल्यांच्या दाराशी पुन्हा एकदा ठरवेल. नाही म्हणाली तर तिच्यासोबत बाहेर थांबणारं एक माणूस आधीच ठरवून ठेवा, म्हणजे आपल्यामुळे आजोबांचं राहिलं असं तिला वाटणार नाही. तुमच्या आई कदाचित याच कामासाठी आनंदानं येतील.

एकाच दिवशी दोन स्मारकं करू नका. किगालीतल्या स्मारकात मारल्या गेलेल्या मुलांचं एक दालन आहे. मुलांचे मोठे फोटो, आणि त्यांना काय आवडायचं, काय खायला आवडायचं हे लिहिलेलं. मोठ्या माणसांनाही ते सोसत नाही. ते आणि बिसेसेरो यांच्यात निदान दोन दिवस तरी जाऊ द्या.

नंतर लगेच "काय वाटलं?" विचारू नका. ती बोलेल, कदाचित पुण्यात आल्यावर, भलत्याच वेळी. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.

अनंतराव_निगडी

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. आपण त्या देशाचे कुणी नाही. त्यांच्या दु:खाच्या जागी कॅमेरा नसला तरी आपण प्रेक्षकच. गावातल्या लोकांना रोज गाड्या भरून येणारे परके बघून काय वाटत असेल? तुमच्या आईंचं म्हणणं मला पटतं. बाबांनी वाचलं आहे, मुलीला घरी सांगावं. पुरे.

किवूकाठ

अनंतराव, तुमची शंका मलाही होती, म्हणून तिथं काम करणाऱ्या माणसालाच विचारली. तो म्हणाला, गाड्या भरून कुणी येत नाही, हीच आमची अडचण आहे. किगालीच्या स्मारकात लोक जातात, कारण ते विमानतळापासून जवळ आहे. बिसेसेरोला येणाऱ्याला ठरवून यावं लागतं. मी गेलो तेव्हा नोंदवहीत वरच्या पानावर कित्येक दिवसांपूर्वीच्या तारखा होत्या. २०२३ मध्ये न्यामाता, मुरांबी आणि गिसोझी या रवांडातल्याच स्मारकांसोबत बिसेसेरोही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, म्हणून आता वर्दळ थोडी वाढली असेल. पण रस्ता तोच आहे.

दुसरं म्हणजे, नाकारणारे अजून आहेत. युरोपात बसून 'दोन्हीकडची माणसं मेली, युद्ध होतं' असं लिहिणारे आहेत. अशा वेळी पुण्याहून एक निवृत्त शिक्षक काठी टेकत ती टेकडी चढून येतो, नोंदवहीत नाव आणि गाव लिहितो, याला तिथल्या माणसांच्या लेखी मोल आहे. मी हे त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. प्रेक्षक व्हायचं की साक्षीदार, हे आपण तिथं किती वेळ देतो त्यावर ठरतं. वीस मिनिटांत वरून खाली येणारे मीही पाहिलेत. त्यांच्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य.

रेखा_विमाननगर

मी ज्या कॉलेजात शिकवते तिथं रवांडाची मुलं असतात. शिष्टाचाराचं त्यांच्याकडून शिकलेलं सांगते.

कुणालाही "तू हुतू की तुत्सी?" असं विचारू नका, गमतीत नाही, कुतूहलानंही नाही. बेल्जियन राजवटीनं १९३०च्या दशकात ओळखपत्रावर ही नोंद छापायला सुरुवात केली, आणि १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र बघून माणसं मारली. आता ती नोंद नाही, सगळे रवांडन. तुमच्या गाडीच्या चालकाला "तेव्हा तू कुठं होतास?" हेही विचारू नका. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. चाळिशीच्या पुढचा प्रत्येक माणूस तिथं काहीतरी घेऊन जगतो, आणि मारेकरी, वाचलेले, त्यांची मुलं एकाच आळीत राहतात. गावोगावी भरलेल्या 'गचाचा' न्यायालयांत जवळपास वीस लाख खटले चालले, ते २०१२ मध्ये संपले. शेजाऱ्यानं शेजाऱ्यासमोर उभं राहून कबुली दिली. त्यानंतरही दोघांना त्याच विहिरीवर जायचं असतं.

कपडे साधे, खांदे-गुडघे झाकणारे. फुलं चालतात, कबरीवर ठेवता येतात. जुलैच्या सुरुवातीला जात असाल तर ७ एप्रिलपासून सुरू होणारा शंभर दिवसांचा स्मरणकाळ चालूच असेल, हे लक्षात असू द्या.

मंजिरी_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. अनंतरावांचेही, कारण त्यांचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला आणि खाली किवूकाठ यांचं उत्तरही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मी कमानीपाशी थांबेन पोरीबरोबर, तुम्ही दोघं वर जाऊन या. लेकीला सुलभाताईंनी सांगितलं तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, दगडांची आणि भाल्यांची जागा बघायची आहे, खोल्यांचं तिथं गेल्यावर ठरवेन. बाबांनी कालपासून संध्याकाळी तळजाईचा चढ सुरू केलाय.

एक राहिलं. वाटाड्या कोणत्या भाषेत सांगतो? बाबांना इंग्रजी नीट कळतं, पण उच्चार वेगळे असले की अडखळतात. आणि देणगी किती, कुणाकडे द्यायची?

किवूकाठ

वाटाड्याला फ्रेंच आणि किन्यारवांडा सहज येते, इंग्रजी बेताची. तुमच्या भावाच्या ऑफिसातला कुणी स्थानिक सोबत आला तर सोन्याहून पिवळं. आदल्या दिवशी कारोंगीहून फोन करून येणार असल्याचं कळवा, वर गेल्यावर किल्ल्या असणारं माणूस भेटलं नाही असं व्हायला नको. तिकीट नाही. देणगीची पेटी आहे, यथाशक्ती टाका. रवांडन फ्रँकच्या नोटा कारोंगीतच सुट्या करून घ्या, वर कार्ड-बिर्ड चालत नाही. वाटाड्याच्या हातात वेगळे पैसे द्यायचे की नाही हे भावाच्या सहकाऱ्याला विचारून ठरवा.

पाणी आणि खाणं बरोबर न्या, पण खायचं ते खाली परत आल्यावर, गाडीपासून दूर जाऊन. आसपासची मुलं गाडीभोवती जमतात. त्यांना चॉकलेटं वाटू नका, बाबांना त्यांच्याशी बोलू द्या, शिक्षकाला ते जमतं. सकाळी वर वारा गार असतो, जुलैतही. बाबांना स्वेटर आणि कानटोपी द्या. परतताना वेळ असेल तर चालकाला गिसोवूच्या चहामळ्यांकडून गाडी घ्यायला सांगा, न्युंगवेच्या जंगलाच्या कडेचा भाग आहे. तो कारखाना आजही चालू आहे. बाबांना तो बघायचा असेल.